सुभद्रेचें लग्न आणि सपिंडांचा कायदा

कायद्याचें कलम हेंहि एक वाङ्मय आहे असें म्हटलें, तर आमचे वकील मित्र हंसतील आणि कवि मित्र रागावतील. तथापि ज्या चार ओळींवर एखाद्या स्त्रीचें पत्नीपण उभें राहतें वा कोसळतें, त्या ओळी नाटक-कादंबऱ्यांइतक्या बारकाईनें वाचल्या जाव्या, एवढें तरी दोघांनींहि मान्य करावें. आज आम्हीं वाचावयास घेतलेल्या ओळी १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतल्या आहेत, आणि त्यांचा विषय मामाच्या मुलीचें आत्याच्या मुलाशीं होणारें लग्न हा आहे. असें लग्न कायदेशीर आहे काय, या साध्या प्रश्नाला कायद्याचें उत्तर ‘नाहीं, पण तुमच्यांत चालत असेल तर आहे’ अशा थाटाचें आहे. उत्तर वाईट नाहीं. तें कोण, केव्हां आणि कोणाविरुद्ध वापरतो, तिकडे मात्र आमच्या सुशिक्षित वर्गाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं.

हा विषय आमच्या डोक्यांत आला तो वर्गांत. जेन ऑस्टेन या लेखिकेची ‘मॅन्सफील्ड पार्क’ ही १८१४ सालची कादंबरी आम्ही शिकवीत होतों. तिची नायिका फॅनी शेवटीं ज्या एडमंडाशीं लग्न करते तो तिच्या मावशीचा मुलगा. कथा तेथवर येतांच मागच्या बांकावरून कोंकणांतल्या एका घरचा मुलगा उद्गारला, “शी! बहिणीशीं लग्न?” आम्हांस वाटलें, पुढच्या बांकावरची सोलापुराकडची मुलगी आतां त्याला गप्प करील, कारण तिच्या थोरल्या बहिणीचें लग्न आतेभावाशीं झालेलें आम्हांस ठाऊक होतें. पण तीहि म्हणाली, “मावसभाऊ म्हणजे भाऊच कीं, सर. आतेभाऊ असता तर गोष्ट निराळी होती.”

इंग्रज वाचकाला या दोघांचेंहि म्हणणें उमजणार नाहीं. त्याच्या भाषेंत काका, मावशी, आत्या आणि मामा या चौघांच्या मुलांना मिळून ‘कझिन’ हा एकच शब्द आहे. आपल्या भाषेंत चार शब्द आहेत, आणि ते उगाच चार नाहींत. चुलतभाऊ व मावसभाऊ हे भाऊच. आतेभाऊ व मामेभाऊ हे देशावरच्या कित्येक घरांत भाऊ असूनहि नवरे होऊं शकतात. त्यांतहि आणखी एक बारकावा आहे. मामाची मुलगी करावी, पण आत्याची करूं नये; लेक ज्या घरीं दिली त्या घरचा वेल माहेरीं परत फिरूं नये, असें मानणारीं घराणीं पुष्कळ आहेत. १९५५ चा कायदा मुळांत इंग्रजींत लिहिला गेला आणि तो इंग्रजींतच विचार करतो. भाऊ व बहीण यांचीं मुलें, दोन भावांचीं मुलें, दोन बहिणींचीं मुलें, या तिन्ही जोड्या त्यानें एका दमांत निषिद्ध नात्यांच्या यादींत घातल्या. त्या मुलीला जो भेद कोणीं शिकवावा लागला नव्हता, तो कायद्याच्या ओळींत कोठेंच नाहीं.

आमचें आजोळ सोलापूर जिल्ह्यांतलें. आजीचें लग्न १९३८ सालीं तिच्या सख्ख्या आतेभावाशीं झालें. सासूला ती ‘आत्याबाई’ म्हणे, आणि तो शब्द तिच्यापुरता अक्षरशः खरा होता. वडिलांकडचीं आमचीं माणसें रत्नागिरीकडचीं. त्यांच्यांत मामेबहिणीशीं लग्न ही गोष्ट बोलण्याची देखील सोय नव्हती. परंतु त्या घरांतल्या सुनाहि सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूबाईंना ‘आत्याबाई’ म्हणत! सासरा हा मामा केव्हां असतो? मामाच्या मुलाशीं लग्न झालें तर. सासू ही आत्या केव्हां असते? आत्याच्या मुलाशीं लग्न झालें तर. ज्या घरानें ही चाल टाकली, किंबहुना आपल्यांत ती कधीं नव्हतीच असें जें घर छातीवर हात ठेवून सांगतें, त्या घराच्या तोंडीं हे शब्द कोठून आले? आदरार्थी हांक म्हणून शेजारपाजाऱ्यांकडून उचलले, असें कोणी म्हणेल, म्हणोत. भाषेनें ठेवलेली ही साक्ष न्यायालयांत चालावयाची नाहीं, हें आम्ही जाणतों. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र ती पुरेशी बोलकी आहे.

आतां जुन्या ग्रंथांकडे वळूं. अर्जुन हा कुंतीचा मुलगा. कुंती ही वसुदेवाची बहीण. सुभद्रा ही वसुदेवाची मुलगी. म्हणजे अर्जुनानें नेली ती मामाची मुलगी. आदिपर्वांतला तो भाग वाचकांनीं पुन्हा एकदां काढून पाहावा. बलराम संतापतो खरा, पण तो कशासाठीं? घरीं पाहुणा म्हणून आलेल्या माणसानें आपलें अन्न खाऊन आपलाच अपमान केला यासाठीं. नातें आड येतें असा शब्द त्या साऱ्या कोलाहलांत कोणीहि यादव काढीत नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८२ सालीं याच कथेवर ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आणलें. अण्णासाहेब बेळगांव प्रांतांतले, जेथें मराठी आणि कानडी एकाच अंगणांत नांदतात. त्यांच्याहि नाटकांतली अडचण एवढीच कीं, दादाला मुलगी दुर्योधनास द्यावयाची आहे. पुण्या-मुंबईच्या ज्या घरांत मामेबहीण म्हणजे बहीणच, त्या घरांतल्या पिढ्यांनीं या नाटकाचीं पदें पाठ केलीं, तीं लेकीसुनांकडून गाऊन घेतलीं, आणि नायक-नायिकेचें नातें कोणास क्षणभरहि खटकलें नाहीं. रसिकता आपल्या घरच्या चालीरीती पादत्राणांबरोबर नाट्यगृहाच्या दाराशीं ठेवून आंत जाते ती अशी.

लोककथेनें तर याच्याहि पुढें पाऊल टाकलें. अभिमन्यु आणि बलरामाची मुलगी वत्सला यांच्या लग्नाची कथा व्यासांच्या महाभारतांत नाहीं. ती मागाहून लोकांनीं रचली. रचतांना त्यांनीं अभिमन्यूला कोणती मुलगी दिली? पुन्हा मामाचीच. बापानें केलें तेंच मुलानें करावें, हीच रीत, असें त्या अनाम कथाकाराला वाटलें असलें पाहिजे. आणि या बाबतींत विदर्भालाहि विसरतां येत नाहीं. रुक्मिणीचा मुलगा प्रद्युम्न यानें मामाची, म्हणजे रुक्मीची, मुलगी वरली. तिचा मुलगा अनिरुद्ध याला रुक्मीनें आपली नात दिली. दोन पिढ्या एकामागून एक मामाच्या घरची सून! येथें मात्र भागवतकारांची लेखणी किंचित् अडखळते. हा संबंध अधर्माचा आहे हें जाणत असूनहि रुक्मीनें तो बहिणीच्या प्रेमाखातर केला, असा शेरा त्यांनीं मारून ठेवला आहे. हा अधर्म वैऱ्याशीं सोयरीक केल्याचा कीं नात्यांत लग्न केल्याचा, याविषयीं दोन्ही अर्थ संभवतात. पण आदिपर्वांत नसलेली एक कुरकुर येथें ऐकूं येते, एवढें निश्चित.

त्या कुरकुरीचा मागोवा धर्मशास्त्रांत घेतला म्हणजे मोठी मौज दिसते. बौधायनानें दक्षिणेकडच्या पांच वेगळ्या चालींत मामाच्या व आत्याच्या मुलीशीं लग्न ही चाल गणली, आणि उत्तरेकडच्याहि पांच सांगितल्या, ज्यांत समुद्रपर्यटन व लोंकरीचा व्यापार यांचा समावेश आहे. ज्या देशांत जी चाल, तेथें ती प्रमाण; ती दुसरीकडे केली तर दोष; हें मत त्यानें नोंदलें आणि गौतमाला तें मान्य नाहीं हेंहि लगेच नोंदलें. मनूनें या लग्नाला चांद्रायण प्रायश्चित्त सांगितलें. कुमारिल भट्टांना दाक्षिणात्यांची चाल पक्की ठाऊक होती. पण अर्जुनाच्या उदाहरणाची अडचण दूर करतांना त्यांनीं सुभद्रेलाच बाजूस सारलें! ती कृष्णाची सख्खी बहीण नव्हेच, दुसऱ्या कोणत्या तरी नात्यानें बहीण म्हणविली गेली असावी, असा त्यांचा तोडगा. एवढ्या प्रखर बुद्धीच्या माणसानें एक चाल नाकारण्यासाठीं महाभारतांतलें एक पात्र निराळ्या आईबापांच्या पोटीं घालावें, याहून त्या चालीच्या बळाचा मोठा पुरावा कोणता? पुढें माधवाचार्यांनीं या लग्नाची उघड बाजू घेतली, कमलाकर भट्टांनीं ‘निर्णयसिंधूं’त तें निषिद्ध मानलें, आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधूं’त, ज्यांच्या कुळांत ही चाल आहे त्यांना मोकळीक दिली. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत हा वाद ज्यांस सविस्तर पाहावयाचा असेल त्यांनीं पाहावा. आम्हांस त्यांतून इतकेंच घ्यावयाचें आहे कीं, हे शास्त्री भांडले तें उघड्यावर, लग्नाच्या आधीं, आणि कोणाच्यांत चालतें व कोणाच्यांत नाहीं याचा निकाल करूनच भांडले.

आतां १९५५ चा कायदा घेऊन आम्ही अर्जुनाकडे जातों. कायद्याचे अडसर दोन आहेत. पहिला निषिद्ध नात्यांचा: भाऊ-बहीण यांचीं मुलें एकमेकांशीं लग्न करूं शकत नाहींत. वसुदेव आणि कुंती हीं भाऊ-बहीण. कुंती दत्तक गेली होती ही सबब लागू पडत नाहीं, कारण कायदा रक्ताचें नातें आणि दत्तकाचें नातें दोन्ही धरतो. सावत्रपणाचीहि सबब नाहीं. दुसरा अडसर सापिंड्याचा. जुन्या शास्त्रांत बापाकडून सात व आईकडून पांच पिढ्या वर्ज्य होत्या. कायद्यानें त्या अनुक्रमें पांच व तीन केल्या. ज्याचें लग्न तो स्वतः पहिली पिढी. अर्जुन, कुंती, शूर: आईकडून तिसरी पिढी. सुभद्रा, वसुदेव, शूर: बापाकडून तिसरी. शूर हा दोघांचा सामाईक पूर्वज मर्यादेच्या आंत सांपडला. अर्थात् हे दोघे सपिंड.

उरली ती रूढीची सवड. पण रूढी ही त्या दोघांनाहि, म्हणजे प्रत्येकाला लागू असली पाहिजे, अशी कायद्याची अट आहे. यादवांकडे प्रद्युम्न आणि अनिरुद्ध दाखवितां येतील, जरी तीं उदाहरणें पुढचीं आहेत. कुरूंकडे काय दाखवावयाचें? शंतनूनें कोळ्याची मुलगी केली, विचित्रवीर्यासाठीं काशीच्या मुली आणल्या, पंडूनें मद्राची आणली. मामाची मुलगी कोणाचीच नाहीं. शिवाय रूढी फार दिवसांची, अखंड, एकसारखी पाळलेली, निश्चित आणि अवास्तव नसलेली हवी. आणि ती जर एका कुटुंबापुरती असेल तर त्या कुटुंबानें ती मध्येंच सोडलेली नसावी. अर्जुनाचा वकील कितीहि हुशार असो, विवाह रद्दबातल! शिवाय एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. अभिमन्यु औरस ठरेल, तेवढी दया कायद्यानें अशा मुलांवर केली आहे. पण त्याचा हक्क आईबापांच्या मालमत्तेपुरता. चुलता युधिष्ठिर याच्याकडून त्याला कांहींएक मिळावयाचें नाहीं, आणि मग परीक्षिताच्या सिंहासनाचें काय करावयाचें, तें ज्या जनमेजयाला महाभारत सांगितलें गेलें त्यानें पाहावें.

ही थट्टा झाली. दिल्लीच्या उच्च न्यायालयांत जें घडलें ती थट्टा नव्हे. तेथें एका स्त्रीचा विवाह, ती व तिचा पति हीं सपिंड आहेत आणि रूढी सिद्ध झालेली नाहीं म्हणून, पतीच्या मागणीवरून २००७ सालीं रद्दबातल ठरविण्यांत आला. तिचें अपील ऑक्टोबर २०२३ मध्यें फेटाळलें गेलें. मग तिनें त्या कलमाच्या घटनात्मकतेलाच आव्हान दिलें. तेंहि जानेवारी २०२४ मध्यें अमान्य झालें. तिचें म्हणणें असें होतें कीं, हें लग्न दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनीं जुळविलें, दोन्ही घरांच्या संमतीनें लागलें. न्यायालयाचें म्हणणें असें कीं, रूढीचा कडक पुरावा पाहिजे, तो नाहीं. आणि जोडीदाराची निवड अगदींच मोकळी सोडली तर अगम्य संबंधांनाहि मान्यता मिळेल. न्यायालयाचा तर्क आम्हांस कळतो. कलम जसें लिहिलें आहे तसें त्यानें वाचलें. दोष आम्ही वाचणाऱ्याला देत नाहीं, लिहिणाऱ्याला देतों.

कारण या कलमाची रचनाच अशी आहे कीं, लग्नाच्या दिवशीं तें गप्प असतें. भटजी मंत्र म्हणतात, मामा मुलीला बोहल्यावर आणतो, पंगती उठतात, सर्वांना नातें ठाऊक असतें. वर्षानुवर्षें कोणी विचारीत नाहीं. मग संसार बिघडतो आणि एक दिवस नवऱ्याला, किंवा त्याच्या वकिलाला, शोध लागतो कीं आपण दोघे सपिंड आहोंत! घटस्फोटाला कारण लागतें, पुरावा लागतो. येथें त्यांतलें कांहींच नको, वंशावळ पुरते. रूढी आहे हें सिद्ध करण्याचा भार मात्र तिच्यावर, आणि साक्षीदार म्हणजे नवऱ्याच्या घरचे म्हातारे. ते तिच्या बाजूनें बोलतील काय? पायाखालची फळी कोणीं ठेवली होती हें विसरून ती ज्यानें काढून घेतली त्यालाच कायदा वाट करून देतो. १९५५ पूर्वींच्या न्यायपद्धतीचा आम्ही उगाच गौरव करीत नाहीं. पण १८६८ सालीं रामनाडच्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलानें सिद्ध झालेल्या रूढीस लिखित वचनाहून वरचें स्थान दिलें, तेव्हां तेथेंहि प्रश्न एका विधवेला दत्तक घेण्याचा अधिकार देण्याचा होता. रूढी तेथें स्त्रीची ढाल झाली होती. फेब्रुवारी २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, विवाह रद्दबातल ठरला तरी कायम पोटगी मिळूं शकते असा निर्णय दिला, हें बरें झालें. पण पोटगी हें पत्नीपण नव्हे.

कोणी म्हणेल, हें सारें ठीक; पण संततीच्या आरोग्याचें काय? प्रश्न रास्त आहे. इंग्लंडांतल्या ब्रॅडफर्ड शहरांत अकरा हजारांवर नवजात मुलांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. जन्मजात व्यंगाचा संभव सामान्यतः शेंकडा तीनच्या आसपास, तो अशा जोडप्यांच्या मुलांत सहाच्या आसपास आढळला. दुप्पट म्हटलें कीं माणूस दचकतो. शंभरांतलीं चौऱ्याण्णव धड असतात असें म्हटलें कीं निश्चिंत होतो. दोन्ही विधानें एकाच आंकड्याचीं आहेत. चार्ल्स डार्विन यानें १८३९ सालीं एमा वेजवुड हिच्याशीं लग्न केलें, ती त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. पुढें मुलांच्या दुखण्यांनीं तो इतका अस्वस्थ झाला कीं, १८७१ च्या खानेसुमारींत अशा विवाहांची नोंद व्हावी म्हणून त्यानें खटपट केली. ती मान्य झाली नाहीं. व्हिक्टोरिया राणीचा पति आल्बर्ट हा तिच्या मामाचा मुलगा. त्या वेळीं पार्लमेंटांतल्या कोणाच्या मनांत काय असेल तें असो.

म्हणून ज्यांना लग्न करावयाचें आहे त्यांनीं डॉक्टरांस आधीं विचारावें, असें आम्ही निःसंकोच सांगूं. परंतु आमच्या कायद्याचा पाया आरोग्य हा आहे, ही समजूत खरी नव्हे. तसें असतें तर रूढी असलेल्यांना सूट कशी मिळती? ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या मामाची मुलगी येते तेथें धोका उलट साठत जातो. आणि कायदा परवानगी देतो ती नेमकी त्यांनाच. ज्या घरांत प्रथमच असें लग्न होत आहे, त्यांना मनाई! २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत नात्यांतल्या लग्नांचें प्रमाण देशांत शेंकडा अकरा, तर कर्नाटकांत सत्तावीस व तामीळनाडूंत अठ्ठावीस आढळलें. एवढ्या संसारांना बेकायदेशीर म्हणण्याची छाती कोणत्याहि सरकारला होणार नाहीं. तेव्हां हें कलम म्हणजे उत्तरेची लाज आणि दक्षिणेची रीत यांच्यांत झालेली तडजोड आहे. तडजोडीस आमची हरकत नाहीं. तिचा खर्च एकट्या बायकोकडून वसूल व्हावा, यास आहे.

उपाय शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यांत आरंभीं चारी प्रकारच्या बहिणींना सरसकट मनाई होती, रूढीची सवडहि नव्हती. तो कायदा धर्म पाहत नाहीं; म्हणून ज्या मुसलमान कुटुंबांत चुलतभावंडांचें लग्न निकाहानें निर्वेध होतें, त्यांनाहि या कायद्याखालीं तें करतां येत नाहीं. १९६३ सालीं त्यांत दुरुस्ती झाली. दोघांपैकीं निदान एकाच्या रूढीनें मान्य असेल तर चालेल, असें ठरलें. आणि रूढी म्हणजे राज्य सरकार राजपत्रांत नमूद करील ती, असें स्पष्ट केलें. ही एक ओळ आम्हांस मोलाची वाटते. कोणत्या समाजांत कोणतें लग्न चालतें हें लग्नाच्या आधीं, सरकारी कागदावर, सर्वांना वाचतां येईल असें लिहून ठेवावयाचें. हिंदु विवाह कायद्यांत ही सोय नाहीं. ती आणावी; आणि ज्यानें नातें जाणून, वडिलांसमक्ष माळ घातली, त्याला पुढें त्याच नात्याचा आधार घेऊन लग्न मोडण्यास मज्जाव करावा.

हा लेख लिहून होत असतां आजोळाहून एक पत्र आलें. आजीच्या भावाच्या घरांत तिच्यानंतर असें लग्न झालें नाहीं. शिकलेलीं मुलें बाहेर पडलीं, चाल आपोआप मागें पडली. आतां तिच्या भाच्याच्या मुलीचें मन आतेभावावर बसलें आहे, आणि घरच्यांनीं आम्हांस, प्रोफेसर म्हणून, विचारलें आहे कीं कायद्यानें चालेल काय? आम्हीं लिहिलें: कुटुंबाची म्हणून असलेली रूढी खंडित झाली असें म्हणतां येईल, समाजाची झालेली नाहीं, तिच्या आधारावर उभे राहा. समाजांतलीं अशीं लग्नें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं त्यांच्याकडून वकिलासमक्ष जबान्या लिहून घ्या, जुन्या लग्नपत्रिका सांपडल्या तर जपून ठेवा, आणि मुलीच्या हातीं त्यांच्या प्रती द्या. मुलाच्या नव्हे, मुलीच्या. उलट टपालीं उत्तर आलें. आजीच्या लग्नांत जेवलेलीं दोनच माणसें आतां हयात आहेत. त्यांतल्या एकांना ऐकूं येत नाहीं, आणि दुसऱ्या पुढच्या महिन्यांत लेकीकडे हैदराबादला जावयाच्या आहेत. तेव्हां वकिलाला याच आठवड्यांत बोलाविलें आहे.